हेब्बाळे वकिलांची अट

"कशाची भीती वाटते तुमाला?"

हेब्बाळे वकिलांचा पहिला प्रश्न हा असायचा. नाव विचारायच्या आधी, 'बसा' म्हणायच्याही आधी. समोर वर्तमानपत्रावर भाजक्या शेंगांचा ढीग, बोटांत एक शेंग आणि नजर त्या शेंगेवर. शुक्रवार पेठेतल्या शिंप्याच्या दुकानावरचा तो अंधारा जिना चढून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला वाटलं की म्हातारा फोनवर कुणाशी बोलतोय. मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"मला विचारताय?"

"दुसरं कोण हाय हितं?"

"मी कुणाला भीत नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. मंगळवेढ्याहून लग्न होऊन सोलापुरात आले, तेव्हा माझ्याकडे एक तवा आणि दोन हात होते. घरोघर फिरून कडक भाकरी विकली. आज माझ्या हाताखाली बायका कामाला आहेत, माझ्या भाकरीचे पुडे पुण्याच्या दुकानांत जातात, आणि ज्वारीचा सौदा करायला मी आडतीत शिरले की आडत्या आधी कपाळाचा घाम पुसतो. अशा बाईनं कुणाला भ्यायचं?

वकिलांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "मग दुसरा वकील बघा, अक्का. न भिणारा पक्षकार मला नको."

माझं डोकंच फिरलं. कोर्टाच्या आवारात हे 'भित्रा हेब्बाळे' म्हणून ओळखले जातात, हे मला जिना चढायच्या आधीच कुणीतरी सांगितलं होतं. पण दिवाणी दाव्यात यांचा हात धरणारा कुणी नाही, असंही त्याच माणसानं सांगितलं होतं. मी उठले नाही. खुर्ची ओढून घेतली आणि माझं गाऱ्हाणं त्यांच्या शेंगांवर ओतलं.

गाऱ्हाणं असं होतं. माझं घर रस्त्याला लागून नाही. पुढचं घर रेवणसिद्धचं, मागचं माझं, आणि त्याच्या भिंतीला लागून एक हातगाडी जाईल एवढा बोळ. मागचं घर मला रेवणनंच विकलं. सौदा ठरला त्या दिवशी त्यानं हात लांब करून बोळ दाखवला होता. "हा बोळ तुमचाच समजा की मावशी!" खरेदीखतातही बोळाचा हक्क लिहून दिला. पुढे पेठेत जागेचे भाव चढले आणि रेवणला वाटायला लागलं की आपण फसलो. घर परत द्या म्हणाला, तेही जुन्या भावात. मी हसले. तेव्हापासून बोळात आधी पाण्याचं बॅरल आलं, मग मोडकी बाज आली, मग लोखंडी गेट आलं. शेवटी गेटाला कुलूप. बोळ बंद झाला की माझं घर म्हणजे विहीर. दोर सोडून उतरायचं आणि दोर धरून चढायचं. एक ना एक दिवस मी कंटाळून ते मातीमोल भावात त्याला देईन, हा त्याचा हिशेब होता. माझी भट्टी, माझ्या बायका, माझं सगळं त्या बोळाच्या टोकाला होतं.

"किल्ली मागायची की," वकील म्हणाले.

"मागते. तो म्हणतो, देतो की मावशी, पण किल्ली दुकानात राहिली."

तेव्हा शेंगा फोडणं थांबलं. हे पुढे मला कळत गेलं: हेब्बाळे वकिलांच्या बोटांतली शेंग थांबली की केस त्यांच्या डोक्यात शिरलेली असते.

मग फीचा विषय निघाला आणि मी माझ्या अंगणात आले. त्यांनी आकडा सांगितला, मी तोंडावर पदर धरला. त्यांनी तोच आकडा पुन्हा सांगितला, मी पिशवी उचलली. मी जिन्यापर्यंत जाऊन परत आले. आडतीत हा डाव कधी फसत नाही. इथं तो फसला, कारण म्हाताऱ्यानं मान वर करून बघितलंच नव्हतं.

"निम्मी करतो," ते एकदम म्हणाले. "पण एक अट. कुलपाला हात लावायचा न्हाय. गेट हलवायचं न्हाय. त्याच्या बादलीलासुदिक पाय लागता कामा नये. जे करायचं ते कोर्ट करंल."

मी लगेच 'कबूल' म्हणाले. मनात म्हटलं, काय भोळा माणूस आहे, नुसत्या शब्दावर निम्मी फी सोडतोय! आयुष्यात इतका महाग सौदा मी दुसरा केला नाही.

हेब्बाळे मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, कोर्टात मराठी, आणि रागावले तर दोन्ही बंद. रागावल्यावर ते गप्प बसायचे, त्याचीच जास्त धास्ती वाटायची. काळा कोट कोपरावर पांढरा पडलेला. कुठलीही फाइल उघडली की आतून शेंगांची फोलपटं पडायची. एकदा न्यायाधीशांच्या टेबलावर पडली, तर यांनी ती गंभीर चेहऱ्यानं वेचून खिशात घातली, पुरावा गोळा करावा तशी. कुणी दावा जिंकून पेढे घेऊन आला, तर पेढा घ्यायचे आणि सांगायचे, "गोड झालं. आता भ्यायला सुरवात करा."

लोक हसायचे. मीही हसले होते.

माझ्या दाव्याचा निकाल लागायला वर्षं गेली. त्या वर्षांचं मला कुणी काही भरून दिलं नाही, हे इथं लिहून ठेवते. एकदाचा कायमचा मनाई हुकूम झाला: रेवणसिद्धनं बोळात अडथळा करायचा नाही, गेट बंद ठेवायचं नाही. नक्कल हातात पडली त्या दिवशी मी रिक्षा केली. ती नक्कल रेवणच्या नाकासमोर धरायची, आणि पेठेतल्या चार माणसांदेखत धरायची, असं ठरवून निघाले. वाटेत वकिलांना सांगावं म्हणून जिना चढले.

"कुटं निघालाव?"

"रेवणकडे. हुकूम दाखवायला."

त्यांनी शेंगांचा कागद गुंडाळून बाजूला ठेवला. तसं करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"बसा अक्का. माझा थोरला भाऊ होता. बांधाची भांडणं. मी नवा वकील, मीच दावा लावला, मीच मनाई हुकूम आणून त्याच्या हातात दिला. माझा पहिला हुकूम तो. लई आनंद झाला होता मला. भाऊ तसा घाबरट. त्या बांधावर एकटा कधी जायचा न्हाय. त्या दिवशी एकटाच गेला. का? खिशात कागद हाय म्हणून. समोर सात-आठ जण होते. त्यानं कागद काढून दाखवला. कागद तसाच राहिला. घडीसुदिक मोडली नव्हती. भाऊ मातुर घरी आला न्हाय."

खाली शिंप्याचं मशीन चालू होतं.

"खिशात कागद असला की माणूस भ्यायचं इसरतो," ते म्हणाले. "म्हणून मी आधी इचारतो. ज्याला भीती वाटते, तो कागद घरी ठेवतो. दाखवायचा असंल तर बेलिफ दाखवंल. ते त्याचं काम हाय."

मी रिक्षा सोडून दिली. नक्कल घरी जाऊन ज्वारीच्या डब्यात ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा बोळातून जाताना माझ्या पाठीवरून काहीतरी सरकलं.

बेलिफ हुकूम घेऊन आला, तेव्हा रेवणनं गेट सताड उघडलं. बेलिफाला चहा दिला, हात जोडले, सही केली. "कोर्टाचा शब्द आपल्याला देवासारखा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाला कुलूप होतं.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. "कंटेम्ट टाका! घाला त्याला आत!"

"कंटेम्ट म्हणायला बरं वाटतंय, लोक उठसूट म्हणतात. आपल्या कोर्टात त्याला दरखास्त हाय. हुकूम झाला, मोडला, आता त्याची अंमलबजावणी करा, असा अर्ज. ऐकलं न्हाय तर दिवाणी कैद. पण त्यानं मुद्दाम मोडला, हे दाखवावं लागंल."

"कुलूप दिसतंय की!"

"तुमाला दिसतंय. कोर्टाला दाखवा."

दाखवणं सोपं नव्हतं. बेलिफ येणार म्हटलं की कुलूप गायब. फोटो काढला तर रेवण म्हणायचा, कुलूप नुसतं कडीत अडकवलं होतं. त्यानं प्रतिज्ञापत्रच दिलं: गेट कुत्र्यांसाठी आहे, त्याला कुलूप कधीच नसतं, बाई भांडखोर आहे. भांडखोर हा शब्द त्यात चार ठिकाणी होता. वकिलांनी ते मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी उकळत होते.

"हेच पायजे त्याला," ते म्हणाले. "तुमी गेट तोडा, म्हणजे तो सुटला. कुलपाची अट ध्यानात हाय न्हवं?"

"आहे."

"भीती?"

"कसली भीती?"

"अजून न्हाय वाटत म्हणजे," ते म्हणाले आणि शेंग फोडली.

तारखा पडत राहिल्या. ज्वारीची पोती शेजारच्या गच्चीवरून दोरानं उतरवून घेत होते. बायका सकाळी कुलूप लागायच्या आत यायच्या आणि रेवणच्या मर्जीनं बाहेर पडायच्या. सणाची मोठी ऑर्डर हातची गेली. नागमणी, माझी सगळ्यांत जुनी कामवाली, विणकरांच्या घरातली, तेलुगूत रेवणला काय काय म्हणायची ते मला कळायचं नाही, पण ऐकून बरं वाटायचं.

आणि मग तो सकाळचा प्रकार. तवे तापलेले, बायका थापायला बसलेल्या. मोठ्या सिलिंडरची नळी सुटली. आधी फुस्स आवाज, मग वास. नागमणी ओरडली, "अक्का, आग बंद! आग बंद!" चुली विझवल्या, पण वास वाढतच गेला. मी बायकांना बोळात ढकललं. बोळाच्या टोकाला गेट, आणि गेटाला कुलूप.

त्या अरुंद बोळात आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर. मागून गॅसचा वास येतोय, पुढे लोखंडी गज. एकजण रडत होती, एकजण मुलाचं नाव घेत होती. मी गजांतून रेवणला हाका मारल्या. वरच्या खिडकीचा पडदा हलला, खाली कुणी आलं नाही. तेव्हा मला कळलं, भीती म्हणजे काय असतं. हाका मारता मारता आवाजच बंद झाला.

हातात वरवंटा होता. चटणी वाटता वाटता उठले होते, तो तसाच हातात राहिला होता. वकिलांची अट त्या क्षणी मला आठवली, अगदी त्यांच्या आवाजात आठवली. मी वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. पुन्हा घातला. कुलूप खाली पडलं. बायका बाहेर पळाल्या. मी एकटी मागं राहिले आणि त्या उघड्या गेटावर आणखी एक घाव घातला, जीव खाऊन. पत्र्याला खोलगट पोचा पडला.

नागमणीनं परत आत शिरून, ओलं पोतं टाकून सिलिंडरचा कॉक फिरवला. कुणाला काही झालं नाही. पण मी पिठाच्या हातानंच वकिलांकडे निघाले, आणि जिन्यात दोनदा बसले.

"कुलूप तोडलं," मी म्हणाले.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "रागानं का भिऊन?"

"भिऊन."

"सगळे घाव?"

मी हाताला लागलेलं पीठ पदराला पुसलं.

"शेवटचा रागानं. कुलूप पडलं होतं तेव्हा."

"हौदु," ते मान हलवत म्हणाले. कानडीत हो. "कोर्टात इचारलं तर असंच सांगायचं. एक शबूद कमी न्हाय, जास्त न्हाय."

दुसऱ्या दिवशी पोलीस दारात आला. रेवणनं चौकीत तक्रार दिली होती. मला वाटलं, संपलं. हुकूम माझ्या बाजूचा, आणि आत जाणार मी. भट्टी बंद, बायका घरी, घर रेवणला. पोलिसानं तक्रारीची प्रत दिली. नागमणीनं ती माझ्या कमरेला खोचली आणि मला वकिलांच्या जिन्यापर्यंत धरून आणलं.

हेब्बाळे तक्रार वाचायला लागले. शेंग बोटांत थांबली. त्यांनी ती एक ओळ मोठ्यानं वाचली: "'माझ्या बोळाच्या गेटास लावलेले माझे कुलूप सदर बाईने फोडून नुकसान केले.'" चष्मा काढला. पुन्हा घातला. पुन्हा वाचलं.

"काय झालं वकीलसाहेब?"

"प्रतिज्ञापत्रात म्हणतोय, कुलूप कधीच नसतंय. चौकीत म्हणतोय, माझं कुलूप फोडलं." ते हळूच म्हणाले. "वकिलाला न इचारता गेला असणार. रागात गेला. भ्याला असता, तर आधी इचारलं असतं."

मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. मी हसायला तोंड उघडलंही होतं. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"अक्का, आता तो आत जाणार. आता खरं भ्या."

"मी का भिऊ? जाऊ दे की!"

"तुमच्या शब्दावर एक माणूस कोठडीत जाणार हाय. ह्याला न भिणारा माणूस मी अजून बघितला न्हाय. बघितला, तर त्याची केस घेणार न्हाय."

दरखास्तीच्या सुनावणीत रेवणच्या वकिलानं माझी उलटतपासणी घेतली, ती अजून माझ्या अंगावर काटा आणते. तो मला चिडवत होता, हे कळत होतं. भाव करताना भांडता का? शेजाऱ्यांना शिव्या देता का? मग त्यानं पोचा पडलेल्या गेटाचा फोटो पुढं केला. "हे भीतीनं केलंत?"

मी पिंजऱ्याचा कठडा धरला होता. हेब्बाळे समोर बसले होते, पण माझ्याकडे बघत नव्हते; फाइलीतली फोलपटं वेचत होते.

"नाही," मी म्हणाले. "ते रागानं केलं. कुलूप भीतीनं तोडलं, बायका मरतील म्हणून. कुलूप तुटल्यावर गेटावर मारलं ते रागानं."

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मग रेवणला विचारलं, "कुलूप होतं, असं तुम्हीच चौकीत लिहून दिलंय ना?" रेवणनं आपल्या वकिलाकडे बघितलं. वकिलानं छताकडे.

हुकूम झाला. मुद्दाम मोडल्याचं सिद्ध. दिवाणी कैद.

आणि मग ती गोष्ट, जी ऐकून मी टेबलावर हात आपटला होता. ज्याला दिवाणी कैदेत टाकायचं, त्याच्या जेवणाचा भत्ता अर्जदारानं आधी कोर्टात भरायचा असतो. भत्ता नाही, तर कैद नाही.

"म्हणजे माझा रस्ता त्यानं अडवायचा, माझी वर्षं त्यानं खायची, आणि आत बसून जेवायचं तेही माझ्या पैशानं?"

"कायदाच तसा हाय. तुमी भाकरीवाल्या, तुमाला काय अवघड?"

मी म्हटलं, भत्ता कमी करून मागा. ते म्हणाले, कोर्टाशी सौदा होत नाही. मी म्हटलं, डबा पाठवते रोज, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यावर ते खरंच हसले. मी त्यांना हसताना बघितलेलं ते एकदाच. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

कोर्टाचे पैसे घेणाऱ्या नाझरच्या खिडकीवर भत्ता भरताना तिथला कारकून म्हणाला, "कोण हो मावशी, नवरा का?"

"नवरा असता तर दोन्ही वेळचे भरले असते का?" मी म्हणाले. तो हसला, रांगेतली माणसं हसली. पावती हातात आली, आणि माझं हसू तिथंच जिरलं. रेवणचं नाव, आणि पुढे लिहिलेलं, कैद्याच्या निर्वाहाकरिता. कैद्याच्या. मला त्याचा बोळ दाखवणारा लांब हात आठवला. हा माणूस सुटून येईल तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये एक हातगाडीएवढीच जागा असणार होती.

वॉरंट घेऊन बेलिफ उभा होता, तेव्हा न्यायाधीशांनी रेवणला शेवटचं विचारलं: आज, आत्ता, गेट काढता, का आत जाता? रेवण उभा राहिला. त्याची एक चप्पल पायातून सुटली होती, ती पायानं शोधत होता, सापडत नव्हती. मी त्या माणसाला इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या, पण असं कधी बघितलं नव्हतं. एका कागदानं एवढा मोठा माणूस असा होतो. माझ्याच मागणीनं झालेल्या कागदानं.

"काढतो," तो म्हणाला.

दुपारी बेलिफासमोर गॅस कटर आला. ठिणग्या उडाल्या, गेट भिंतीपासून सुटलं. पोच्यासकट ते हातगाडीवर गेलं. भिंतीत बिजागऱ्यांचे दोन खुंट तेवढे राहिले. रेवण माझ्या अंगावरून जाताना म्हणाला, "झाला का जीव गार, मावशी?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्या आयुष्यात न दिलेलं ते पहिलं उत्तर.

संध्याकाळी मी वकिलांकडे गेले ते हिशेबासाठी. रेवण आत गेला नाही, म्हणजे जेवणाचे पैसे परत मागायचे. अर्ज लिहा म्हटलं.

"राहू द्या तितंच," ते म्हणाले.

"का म्हणून? कष्टाचे आहेत!"

"तुमचेच हायत, कुटं जात न्हाईत लगेच. पन त्याला ठाऊक असू द्या, त्याच्या जेवणाची सोय झालेली हाय. त्याला भिऊ द्या. आन पावती तुमच्याकडं राहू द्या."

"पावती मला कशाला?"

"तुमी पन भ्यायला पायजे."

पैसा सोडायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. तरी मी अर्ज केला नाही.

पुढे त्यांची तब्येत खालावली. बाहेरगावी मुलीकडे जायचं नाकारून ते त्याच जिन्यावरच्या खोलीत राहिले. मी अधूनमधून भाकरी घेऊन जायची. कडक भाकरी चावता येईना म्हणून दुधात भिजवून खायचे. शेंगा बंद झाल्या होत्या, पण वर्तमानपत्र समोर पसरलेलंच असायचं आणि बोटं त्यावर फिरत राहायची. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. मी आल्याचं कळलं त्यांना.

"बोळात काय हाय?"

"काही नाही. मोकळा आहे."

"भीती?"

"आहे की."

"मग ठीक," ते म्हणाले. दोन दिवसांनी गेले.

त्यांच्या जाण्यानंतर पंधरवडाही झाला नसेल. सकाळी बाहेर पडले तर बोळात रेवणची मोटारसायकल उभी. आडवी. हँडल लॉक केलेलं. रेवण ओट्यावर पेपर वाचत बसलेला, पेपरावरून माझ्याकडे बघत. हेब्बाळे गेले हे त्यालाही ठाऊक होतं. माझ्या मागं बायका येऊन थांबल्या, नागमणीच्या हातात भाकरीची पाटी.

माझं डोकं तापलं. मुठी वळल्या. गाडी ढकलून द्यायला एक धक्का पुरला असता. आणि तेवढ्यात पाठीवरून ते जुनं काहीतरी सरकलं. मी भ्याले. कधी नव्हे ते मला त्या भीतीचं बरं वाटलं, कारण तिच्या मागून तो आवाज आला, बादलीलासुदिक पाय लागता कामा नये.

मी गाडीपासून दोन पावलं मागं सरले आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "रेवणअप्पा, तुमच्या जेवणाचे पैसे अजून कोर्टातच आहेत हो. मी परत नाही मागितले."

आवाज कापत होता माझा. तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

रेवणनं पेपर खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी ओरडले असते, तर तो हसला असता. ते त्याच्या सवयीचं होतं. या आवाजाची त्याला सवय नव्हती. तो उठला, खिशात किल्ली चाचपली. किल्ली दुकानात राहिली नव्हती. त्यानं गाडी सरळ केली आणि भिंतीतल्या त्या दोन खुंटांना न लावता, जपून, बाहेर काढली.

बायका बोळातून गेल्या. मी मात्र तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले.

पावती अजून ज्वारीच्या डब्यात आहे, हुकमाच्या त्या नकलेच्या शेजारी. खिशात घेऊन मी कधी फिरत नाही.